तिसरा पिवळा दिवा

ट्रॉम्सोत जानेवारीत सूर्य कामावर येत नाही.
गुनवोर येते. दुपारी अडीचला, अंधारात,
बुटांचा बर्फ झटकत, सत्त्याण्णव पायऱ्या चढून
काचेच्या खोलीत, जिथे मोठा दिवा लावायचा नसतो,
कारण लावला की काचेत आपलाच चेहरा दिसतो
आणि त्याच्यामागे कुठेतरी विमानं.

एक शब्द ती सहजी उच्चारत नाही.
टेकऑफ.
तयार असणं, थांबणं, रांगेत येणं, निघणं,
बाकी सगळ्याला दुसरे शब्द आहेत, बोथट केलेले,
लहान मुलाच्या हाती द्यायच्या सुरीसारखे.
हा एकच धार लावून ठेवलेला.
परवानगी देताना काढायचा,
नाहीतर दिलेली मागे घेताना,
आणि लगेच म्यानात.
धुक्यात एकदा कुणीतरी अर्धंच ऐकलं होतं,
गुनवोरच्या जन्माआधी, कुठल्या दुसऱ्याच बेटावर.
तेव्हापासून.

आपण म्हणतो ना, शब्द दिला,
शब्द खाली पडू दिला नाही?
इथे ते अक्षरशः.
ती देते, वैमानिक जसाच्या तसा परत करतो,
आणि परत आला तरच तो दिला गेला.
घरीही ही खोड लागलीय.
"दूध आण, दोन लिटर,"
आणि लेक वैतागून "दूध, दोन लिटर" म्हणेपर्यंत
ही दारात उभी.

आज सव्वापाचला बर्फ लोटणाऱ्या तीन गाड्या,
तिरक्या रांगेत, पुढे आस्लाक.
टेबलावर धावपट्टीच्या जागी लाल पट्टी.
ती तिथे आहे तोवर धावपट्टी आस्लाकची.
थांब्याच्या रेषेवर एक विमान, पंखे फिरताहेत,
आत एकोणतीस माणसं, टपालाची पोती,
पंखांवर फवारलेलं औषध, त्याची मुदत संपत आलेली.
आणि फ्योर्डवरून दुसरं, उतरायला. चार मैल.

"निघायला तयार," थांबलेला म्हणतो.
(तो शब्द तोही तोंडातून काढत नाही.)
"तिथेच थांबा."
"तिथेच थांबतो."

मग आस्लाक : "पट्टी मोकळी. सगळे बाहेर."
बावीस वर्षं ओळखीचा आवाज.
गुनवोरचा हात लाल पट्टीवर.
ती पिवळे दिवे मोजते.
एक. दोन.
बर्फाचा धुरळा.
एक, दोन.
तीन मैल.

नियम शाळकरी पोरालाही कळेल असा :
एका वेळी एक.
पुढचा उडून पलीकडचं टोक ओलांडेल, नाहीतर वळेल,
तोवर मागच्यानं चाक हलवायचं नाही.
आस्लाकबद्दल नियमात काही नाही.

"आस्लाक, तुम्ही किती?"
खरखर.
मग खूप वेळ, म्हणजे दोन सेकंद, काहीच नाही.
"...थांब जरा."

ती उतरणाऱ्याला वर पाठवते.
"वर जातो," एवढंच, आवाजात राग नाही,
आणि इंजिनांचा गडगडाट काचेवरून निघून जातो.
कॉफीच्या कपात वर्तुळं.

धुरळ्यातून तिसरी गाडी निघते.
मारेन, नवी पोरगी, झाडू अडकलेला,
रेडिओ भलत्याच चॅनेलवर.
तिसरा पिवळा दिवा,
लग्नाला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा कडेकडेनं.

औषध संपलं म्हणून थांबलेला मागे वळला,
पुन्हा फवारणीच्या रांगेत.
आत कुणीतरी घड्याळ बघून चडफडलं असेल,
त्याला कुणी काही सांगणार नाही.
सहा वाजून नऊ मिनिटांनी गुनवोरनं लाल पट्टी उचलली,
धावपट्टी पुन्हा एकदा डोळ्यांनी पुसून घेतली,
आणि तो शब्द काढला.
तो परत आला, सगळा.

नोंदवहीत एक ओळ.

रात्री आस्लाक वर आला, टोपी हातात,
पायऱ्यांनी धापा टाकत.
तिनं कॉफी ओतली. त्यानं साखर शोधली. मिळाली नाही.
"तीन," तो म्हणाला.
"तीन," ती म्हणाली.